लातूरमध्ये जर्मन गाडी: गाडी उत्तम, वर्कशॉप अडीचशे किलोमीटर दूर

हे परीक्षण एका जर्मन कंपनीच्या मध्यम आकाराच्या डिझेल एसयूव्हीचे आणि त्या गाडीला मराठवाड्यात मिळणाऱ्या सेवेचे आहे. गाडी बीएस-६ काळातली आहे, तिचे पासिंग लातूरचे म्हणजे एमएच २४ चे आहे, आणि तिचा वापर आमच्या डाळमिलच्या कामासाठी, घरच्या प्रवासासाठी आणि अधूनमधून पुणे, हैदराबाद, नागपूर अशा लांबच्या फेऱ्यांसाठी होतो. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारींसारख्याच तक्रारी या गटातल्या इतर ब्रँडच्या गाड्या वापरणाऱ्या नांदेड, परभणी आणि बीडच्या मालकांकडूनही मी ऐकल्या आहेत. शिवाय हीच गाडी पुण्यात किंवा मुंबईत वापरणारा माणूस माझ्यापेक्षा अगदी वेगळे मत देईल, आणि त्याच्या जागी ते खरेही असेल. इंटरनेटवर मिळणारी बहुतेक परीक्षणे अशा मोठ्या शहरांतली असतात; गुळगुळीत रस्त्यावर दिवसभर चालवून लिहिलेल्या मतांवरून लातूर, उदगीर किंवा हिंगोलीच्या माणसाने साठ-सत्तर लाखांचा निर्णय घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

महागड्या गाड्यांशी मराठवाड्याचे नाते जुने आणि अभिमानाचे आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक, डॉक्टर आणि व्यावसायिक यांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज गाड्या एकाच वेळी घेतल्या, तेव्हा देशभरातल्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली होती. त्या खरेदीचा विषय निघाला की लोक गाड्यांची संख्या सांगतात, पण मला त्यातला महत्त्वाचा भाग वेगळा वाटतो: एकेकट्याने शोरूममध्ये जाऊन घासाघीस करण्याऐवजी त्यांनी एकत्र बसून कंपनीशी आणि बँकेशी बोलणी केली. त्याच शहराजवळ शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाने २००१ मध्ये कारखाना सुरू केला आणि पुढे त्याच आवारात ऑडीच्या गाड्यांची जुळणी होऊ लागली. म्हणजे अशा गाड्या घेणारी माणसे इथे आहेत, त्या जोडणारे कुशल हातही इथे आहेत. तरीही गाडी छत्रपती संभाजीनगरच्या शोरूममधून निघून दक्षिणेकडे लातूरच्या दिशेने आली की तिची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे मालकाची होते. माझ्या या परीक्षणाचा गाभा हाच आहे.

आधी सुखाबद्दल सविस्तर लिहितो, कारण ते सुख खरे आहे आणि त्यासाठीच पैसे मोजलेले असतात. आमच्या भागातले रस्ते बहुतांश काळ्या मातीवर बांधलेले आहेत. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे खालचा भराव नीट केलेला नसेल तर वर कितीही चांगले डांबर अंथरले तरी काही पावसाळ्यांतच रस्त्याला लाटा येतात. खड्डा दिसतो आणि चुकवता येतो. लाट दिसत नाही. साधी गाडी अशा लाटेवर मागच्या सीटवरच्या माणसाला उचलते, खाली आपटते आणि पुढच्या लाटेपर्यंत हेलकावे देत राहते. या गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे आहेत. ते चाकाची हालचाल पाहून आपला कडकपणा क्षणाक्षणाला बदलतात, म्हणून पहिली उसळी आली तरी दुसरी येत नाही. माझ्या आईला मणक्याचा जुना त्रास आहे. अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला किंवा तुळजापूरला जाऊन आल्यावर पूर्वी तिला दुसरा दिवस अंथरुणावर काढावा लागत असे. या गाडीतून परतल्यावर ती संध्याकाळी नेहमीप्रमाणे अंगणात बसलेली असते. गाडीच्या किमतीचे समर्थन करायला मला कोणी सांगितले, तर इंजिनाच्या ताकदीआधी मी हीच गोष्ट सांगेन.

इंजिनही अर्थात तितकेच समाधान देते. दोन लिटरचे डिझेल इंजिन आहे, पण त्याचा जोर अगदी खालच्या फेऱ्यांपासून मिळतो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ओलांडताना हा जोर किती कामाचा असतो, ते गळीत हंगामात आमच्याकडच्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. ट्रॉलीच्या बाजूला आपण किती सेकंद उघड्यावर असतो, यावर तिथे सगळे अवलंबून असते. त्याच हंगामात रात्रीच्या प्रवासात या गाडीच्या हेडलाइटने मला अनेकदा वाचवले आहे. समोरून वाहन येत असेल तर कॅमेरा ते ओळखतो आणि तेवढाच भाग अंधारात ठेवून बाकीच्या रस्त्यावर पूर्ण प्रकाश चालू ठेवतो, त्यामुळे डाव्या कडेला रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली किंवा दिवा नसलेली बैलगाडी बऱ्याच आधी दिसते. ही सोय महागड्या व्हेरिएंटमध्येच मिळते. सनरूफचा आकार किंवा स्पीकरची संख्या यांच्यावर खर्च करण्यापेक्षा मराठवाड्यातल्या माणसाने या दिव्यांवर तो करावा.

लांबच्या प्रवासाचे सुख समृद्धी महामार्गाने वाढवले. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा मार्ग सलग झाला आहे. लातूरकरांना तो गाठायला जालन्यापर्यंत जावे लागते, पण एकदा गाठला की ही गाडी कशासाठी बनवली आहे ते कळते. ताशी १२० किलोमीटर या परवानगीच्या वेगाला इंजिन दोन हजार फेऱ्यांच्याही खाली शांतपणे फिरत असते, वाऱ्याचा आवाज जवळजवळ येत नाही, आणि मागे बसलेल्या माणसांशी आवाज न चढवता बोलता येते. नागपूरला उतरल्यावर लगेच कामाच्या बैठकीला बसता येते, इतका कमी थकवा येतो. एसीबद्दलही चांगलेच लिहावे लागेल. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे असताना बाजार समितीच्या आवारात दुपारभर उन्हात उभी राहिलेली गाडी काही मिनिटांत बसण्याजोगी होते, आणि हवा खेळवणाऱ्या सीटमुळे पाठ घामाने भिजत नाही. काचेचे मोठे छप्पर मात्र आमच्या हवामानात निरुपयोगी आहे. मार्च ते जून त्याचा पडदा आम्ही उघडतही नाही.

चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांपैकी आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा उत्तम आहे. लेन राखणारी यंत्रणा मात्र पट्टे पुसट झालेल्या किंवा डांबराचा नवा थर देताना वाकडे रंगवलेल्या रस्त्यांवर स्टिअरिंग चुकीच्या बाजूला ओढते, म्हणून ती मी चौपदरी रस्ता सोडला की बंद करतो. शहरात गाडीची रुंदीही जाणवते. सोळा रस्ते येऊन मिळणाऱ्या गंजगोलाईत आरशांसह दोन मीटरच्या आसपास रुंद असलेली गाडी घेऊन जाणे दिवाळीच्या आठवड्यात तरी टाळावे.

आता त्रासाचा भाग. अधिकृत वर्कशॉप लातूरमध्ये नाही. छत्रपती संभाजीनगर अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, पुणे तीनशेहून अधिक, हैदराबादही जवळपास तितकेच. नेहमीच्या सर्व्हिससाठी वर्षातून एकदा जायचे असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते अंतर गाडी घेतानाच माहीत होते आणि पाहुण्यांच्या भेटीशी किंवा बाजाराच्या कामाशी त्याची सांगड घालता येते. प्रश्न येतो तो नेहमीच्या सर्व्हिसच्या मधल्या काळात, जेव्हा डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. दिव्यामागे काय आहे हे कळल्याशिवाय गाडी चालवावी की उभी ठेवावी हे ठरवता येत नाही, आणि काय आहे हे कळण्यासाठी गाडी इतक्या लांब न्यावी लागते. फोनवर विचारले तर सर्व्हिस ॲडव्हायझर अतिशय नम्रपणे एकच उत्तर देतो: गाडी घेऊन या, स्कॅन केल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

या पिवळ्या दिव्यांपैकी सगळ्यात जास्त वेळा लागणारा दिवा डीपीएफचा असतो, आणि तो समजून घेणे प्रत्येक डिझेल मालकासाठी आवश्यक आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजेच डीपीएफ, असते. अडवलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी गाळणीचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावे लागते, आणि तेवढी उष्णता मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग चालल्याशिवाय तयार होत नाही. आमचा रोजचा वापर घर ते मिल, मिल ते बाजार समिती, तिथून बँक आणि परत घर असा तुटक असतो. इंजिन तापते न तापते तोच बंद होते, जळण्याचे काम अर्धवट राहते आणि काजळी साचत जाते. शोरूममध्ये गाडी दाखवताना मी रोज किती चालतो हे कोणीही विचारले नव्हते, आणि ही माहिती मला गाडी घेतल्यानंतर लातूरच्याच एका मेकॅनिककडून मिळाली. “मालक, हिला आठवड्यातून एकदा तरी मोकळी पळवा,” असे त्याने सांगितले, तेव्हापासून आठवड्यातून एकदा चौपदरी रस्त्याने औशापर्यंत जाऊन यायचा नेम ठेवला आहे आणि तो दिवा पुन्हा लागलेला नाही. ज्यांचे रोजचे चालणे शहरापुरते आहे त्यांनी डिझेलचा आग्रह सोडून पेट्रोल किंवा हायब्रिड गाडी घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

डीईएफचे, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायच्या आणि ज्याला लोक ॲडब्लू म्हणतात त्या द्रावाचे, प्रकरण याला जोडूनच येते. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे, आणि टाकी पूर्ण रिकामी झाली तर इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. ट्रकवाल्यांमुळे हा द्राव आता हायवेवरच्या पंपांवर सहज मिळतो, ही चांगली गोष्ट आहे. मात्र आमच्यासारख्या शेतीच्या जिल्ह्यात स्वस्तात मिळणारा, खताचा युरिया पाण्यात कालवून केलेला माल विकत घेण्याचा मोह अजिबात धरू नये. खताच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्यात इतर अशुद्ध घटकही असतात, आणि ते धुराड्यातल्या महागड्या उत्प्रेरकात बसले की दुरुस्तीचा खर्च लाखांत जातो. सीलबंद कॅन घ्यावा, तारीख पाहावी आणि बिल जपून ठेवावे.

टायरच्या बाबतीत डीलरचा सल्ला ऐकू नये असे मी लिहितो, तेव्हा त्यामागे साधे गणित आहे. २३५/५५ आर १९ या मापाच्या टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची १२९ मिलिमीटर असते. शोरूममध्ये जास्त उठून दिसणाऱ्या २५५/४५ आर २० या मापात ती ११५ मिलिमीटरच्या आसपास येते. खड्ड्याचा मार रिमपर्यंत पोहोचण्याआधी झेलायला जे रबर असते ते तेवढेच, आणि बार्शी रोडवरच्या एखाद्या तुटक्या कडेवर हा दीड सेंटिमीटरचा फरक टायर फाटण्या-न फाटण्याइतका मोठा ठरतो. शक्य तितके लहान चाक घ्यावे. स्टेपनी आहे की नाही हे तर बुकिंगच्या आधी डिकी उघडून पाहावे. या गटातल्या काही गाड्यांना स्टेपनीऐवजी रन-फ्लॅट टायर असतात; ते हवा गेल्यावरही साधारण ताशी ८० किलोमीटर वेगाने ८० किलोमीटरपर्यंत चालतात, अशी त्यांची मर्यादा असते. मुंबई-पुणे परिसरात ही मर्यादा पुरते. आमच्याकडे ८० किलोमीटरवर पंक्चरचे दुकान नक्की मिळेल, पण १९ इंची टायर शेल्फवर असलेले दुकान मिळेलच असे नाही. माझ्या गाडीला बारीक का होईना स्टेपनी आहे, आणि तिने रात्रीच्या वेळी मला घरी पोहोचवले आहे. टायरचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: समृद्धीवर चढण्याआधी, गाडी थंड असताना हवा तपासावी. काँक्रीटवर उन्हाळ्यात सलग वेगाने चालल्यावर टायरमधला दाब वाढत जातो, आणि आधीच जास्त किंवा कमी हवा असलेला जुना टायर तिथे धोकादायक ठरतो.

सगळ्यात मोठा मनस्ताप मात्र रस्त्यात बंद पडल्यावर मिळणाऱ्या मदतीने दिला. एका पावसाळी संध्याकाळी केजच्या अलीकडे इंजिन तापल्याची सूचना आली आणि गाडी बाजूला घ्यावी लागली; कूलंटची एक प्लास्टिकची जोडणी तडकली होती. मदतीचा फोन लगेच उचलला गेला, पण बोलण्यासाठी हिंदी आणि इंग्रजी एवढेच पर्याय होते. माझ्याऐवजी आमचा ड्रायव्हर एकटा असता तर त्याने काय केले असते, हा विचार मला त्या रात्री सतत सतावत होता. पलीकडचा माणूस पिनकोड विचारत राहिला, मी केज, जिल्हा बीड असे सांगत राहिलो. चारही चाकांना जोर देणारी गाडी दोन चाके जमिनीवर ठेवून ओढायची नसते, तिला सपाट पाठीच्या ट्रकवरच चढवावे लागते, आणि असा ट्रक संभाजीनगरहून निघाला तो मध्यरात्र उलटल्यावर पोहोचला. तोपर्यंत रस्त्याकडेच्या एका हॉटेलमालकाने आम्हाला बसवून घेतले, चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. मोफत सेवेची किलोमीटरची मर्यादा संपल्यावरचे पैसे मात्र कंपनीने ठरवलेल्या दराने लगेच घेण्यात आले. पॅकेज विकताना ‘देशभर कुठेही, चोवीस तास’ असे सांगितले होते. ती मर्यादा कागदावर होती हे मला मान्य आहे. पण कंपनीचे वर्कशॉप जिथे अडीचशे किलोमीटरवर आहे, त्या जिल्ह्यातल्या ग्राहकाला पन्नास किलोमीटरची सवलत विकणे मला न्याय्य वाटत नाही.

पुढच्या काचेचा अनुभवही याच जातीचा. खडी वाहणाऱ्या टिप्परमधून उडालेल्या दगडाने काच तडकली. या काचेला कॅमेरा जोडलेला असतो, त्यामुळे नवी काच बसवल्यावर त्या कॅमेऱ्याची दिशा यंत्रावर पुन्हा जुळवावी लागते, आणि ती न जुळवता गाडी चालवली तर आपोआप लागणाऱ्या ब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही. हे सगळे योग्यच आहे. अयोग्य हे की काच देशातल्या गोदामात नव्हती, ती केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नव्हते, आणि कित्येक आठवडे दर वेळी मीच फोन करून विचारत होतो. काम पूर्ण झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मात्र तिकडून न विचारता फोन आला: कंपनीकडून सर्वेक्षणाचा फोन येईल, कृपया दहापैकी दहा गुण द्या. इतक्या मोठ्या नावाच्या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना ग्राहकाकडे गुण मागायला लावावे, याचे मला वाईट वाटले. त्या तरुण ॲडव्हायझरवर माझा राग नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तो नोकरी सोडून गेलेला होता, आणि माझ्या गाडीचा सगळा इतिहास मला नव्या माणसाला पुन्हा सांगावा लागला.

वर ज्या मेकॅनिकचा उल्लेख केला त्याच्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे. त्याने आयटीआय केले, काही वर्षे पुण्यात महागड्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम केले आणि मग लातूरला परत येऊन स्वतःचे गॅरेज टाकले. त्याच्याकडे स्कॅनर आहे, त्यामुळे दिव्यामागचा कोड वाचता येतो आणि नव्वद टक्के भीती तिथेच संपते. ब्रेक पॅड, फिल्टर, सस्पेंशनचे बूश, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी ही कामे तो स्वच्छ आणि वेळेत करतो. डाळमिलच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीला उंदरांचा त्रास किती असतो हे त्याला वेगळे समजावावे लागत नाही. कंपनीच्या वर्कशॉपने अशाच कुरतडलेल्या चार वायरींसाठी अख्खे हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा संच, बदलण्याचे अंदाजपत्रक दिले होते. पण काही कामांत त्याचे हात बांधलेले आहेत: नवा सुटा भाग गाडीच्या संगणकाला ओळखीचा करून देण्यासाठी, म्हणजे कोडिंगसाठी, कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते, आणि ती त्याला मिळत नाही.

हा प्रश्न नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, आणि सुटे भाग, दुरुस्तीची माहिती व तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना खुल्या बाजारात मिळत नाहीत हेच त्यामागचे मुख्य कारण होते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यातही वाहनांचा समावेश आहे. तरी माझ्या गाडीचा हेडलाइट बदलायचा झाला तर आजही तो लातूरमध्ये बदलून चालणार नाही. मोठ्या शहरातल्या ग्राहकाला हा प्रश्न फक्त बिलाच्या रकमेचा वाटेल. आमच्यासाठी तो गाडी किती दिवस उभी राहणार याचा आहे.

विम्याच्या बाबतीत थोडक्यात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारे, कव्हर घ्यावेच, कारण ते नसेल तर रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर विमा कंपनी ५० टक्के घसारा कापते, आणि या गाड्यांचे बंपर, ग्रिल आणि खालची आवरणे प्लास्टिकचीच असतात. चौथ्या वर्षात गाडीची विम्यातली किंमत मूळ किमतीच्या ६० टक्क्यांवर येते. वापरलेल्या गाडीचा बाजार त्याहूनही कमी भाव देतो, आणि लातूर-नांदेडच्या बाजारात अशा गाडीला ग्राहकच मिळत नसल्यामुळे ती विकायला पुन्हा पुण्यालाच न्यावी लागते. तक्रारीची वेळ आली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण जिथे राहतो तिथल्याच आयोगात ती दाखल करता येते. सर्व्हिसच्या बिलाचा वाद लातूरच्या जिल्हा आयोगापुढे चालू शकतो, त्यासाठी पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही. गाडीच्याच दोषाचा वाद असेल आणि मोजलेली किंमत ५० लाखांहून जास्त असेल तर मात्र तो राज्य आयोगाकडे जातो. हे अनेक मालकांना माहीत नसते आणि ते चूपचाप बिल भरून मोकळे होतात.

गाडी धुण्याविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी आले तेव्हा स्टेशनवर जमलेली माणसे अजून आठवतात. त्या शहरात काळी चकचकीत गाडी रोज पाइपने धुणे मला पटत नाही. पांढरा किंवा राखाडी रंग घ्यावा, त्यावर चांगले कोटिंग करून घ्यावे आणि ओल्या मायक्रोफायबरने एका बादलीत काम भागवावे. कंपनीच्या पुस्तिकेत भरपूर पाण्याने धुण्याची सूचना आहे; ती पाळली नाही तरी रंगाचे काहीही नुकसान झालेले नाही.

गाडीला मी पाचपैकी साडेचार गुण देतो, आणि सेवेला दीड. सेवेचे गुण वाढण्यासाठी कंपनीने लातूरमध्ये आलिशान शोरूम बांधावी असे माझे म्हणणे नाही. लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी आणि बीड या पाच जिल्ह्यांत या एका ब्रँडच्या गाड्या रस्त्यावर सहज नजरेस पडतात, आणि त्यांच्या मालकांपैकी बरेच जण एकमेकांना व्यवसायामुळे ओळखतात. २०१० मध्ये खरेदीसाठी जे झाले ते सेवेसाठीही व्हावे, या विचाराने आम्ही काही मालकांनी मिळून डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला मराठीत एक पत्र दिले आहे. महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी कंपनीचा तंत्रज्ञ स्कॅनर आणि नेहमी लागणारे सुटे भाग घेऊन लातूरला यावा, त्याला बसायला जागा आणि रॅम्प आम्ही देऊ. रस्त्यातल्या मदतीची किलोमीटरची मर्यादा सर्वांत जवळच्या अधिकृत वर्कशॉपपर्यंतच्या अंतराइतकी करावी. मदतीच्या फोनवर मराठीत बोलणारा माणूस असावा. आणि वॉरंटी संपलेल्या गाड्यांसाठी स्थानिक गॅरेजला पैसे घेऊन का होईना, कोडिंगची परवानगी द्यावी, अशा चार मागण्या त्यात आहेत. डीलरने पहिली मागणी तोंडी मान्य केली आहे, बाकीच्या तिन्हींसाठी मुख्य कार्यालयाकडे बोट दाखवले आहे. माझ्या गाडीची वाढीव वॉरंटी येत्या वर्षात संपते आणि नव्या गाडीसाठी शोरूममधून फोन यायला सुरुवात झाली आहे. पत्राचे लेखी उत्तर आल्यावर बुकिंगचे बोलू, असे मी त्यांना कळवले आहे.